खर्च वाढला की शत्रू सोपा होतो

युद्धपटाचं यश आपण हल्ली कोटींत मोजतो. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘छावा’चा जगभरातला गल्ला आठशे कोटींच्या आसपास गेला आणि ऐतिहासिक लढाईचा चित्रपट म्हणजे एवढाच पसारा, एवढाच खर्च, असं समीकरण पक्कं होऊन बसलं. या समीकरणाचा सर्वांत मोठा तोटा मराठवाड्याला होतो, हे मला इथे मांडायचं आहे. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने हा प्रदेश हैदराबादच्या निजामाविरुद्ध स्वतःचं मुक्तियुद्ध लढत होता. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होता. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत, आणि अलीकडे निजामाचे पोलीस, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके आणि रझाकार ही निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले, वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. इतकी सामग्री हाताशी असताना या लढ्यावर मराठीत मोजकेच चित्रपट आले. २०१५ मध्ये राज दुर्गे यांनी सिद्धार्थ जाधवला घेऊन ‘रझाकार’ काढला, पण मराठीतल्या मोठ्या गल्ल्याच्या यादीत त्याचं नाव नाही. ‘विषय चालत नाही’ असा निष्कर्ष यातून निघतो आणि तो चुकीचा आहे. विषयाला बाजार आहे. तो किती मोठा आहे हे आधी मोजून त्यात बसेल एवढाच खर्च करायला हवा, ते आपण करत नाही.

आधी गल्ला या आकड्याकडे नीट पाहू. दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ १८ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याची कमाई चाळीस कोटींच्या पुढे गेल्याची वृत्तं आली. हे चाळीस कोटी निर्मात्याच्या खिशात जातात असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तिकिटावर जीएसटी असतो, तेव्हा शंभर रुपयांवरच्या तिकिटाला तो १८ टक्के होता. तो वजा केला की चाळीसाचे चौतीस उरतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात संप होऊन जो तोडगा निघाला, त्यात हिंदी चित्रपटांच्या निव्वळ उत्पन्नातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा उतरता ठरला. याच हिशेबाने सरासरी ४५ टक्के धरले तर चौतीसाचे पंधरा होतात. त्यातून वितरकाचं कमिशन, जाहिरात आणि डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं जातं. म्हणजे चाळीस कोटींची बातमी निर्मात्यापर्यंत येता येता एक तृतीयांशावर येते. आठवडे जातील तसा वाटा घटत असल्याने जो चित्रपट हळूहळू तोंडोतोंडी पसरतो, त्याचं नुकसान सर्वांत जास्त होतं, आणि गावाकडचा प्रेक्षक नेमका तसाच पसरतो. शुक्रवारी आलेल्या चित्रपटाची खबर सोमवारपर्यंत गावात पोचते, तोवर जिल्ह्याच्या ठिकाणचे खेळ कमी झालेले असतात.

आता हाच हिशेब हिंगोलीपुरता करून पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार आहे. शंभरातल्या एकाने शंभर रुपयांचं तिकीट काढलं तर गल्ला होतो पावणेबारा लाख. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी पाच टक्के झाला आहे. तो वजा करून निम्मा वाटा धरला तर हाती येतात साधारण साडेपाच लाख. हा आकडा मुंबईच्या निर्मात्याला नगण्य वाटेल. पण मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ मध्ये एक कोटी ८७ लाख होती, आणि तोच एक टक्का तिथे लावला की वाटा जवळजवळ ८९ लाखांवर जातो. दोन टक्के आले तर पावणेदोन कोटी. त्यातून जाहिरात आणि कमिशन वजा करा, आणि मराठी चित्रपटाला राज्य शासन दर्जानुसार जे ४० किंवा ३० लाखांचं अर्थसाहाय्य देतं ते मिळवा. दीड कोटीत काढलेला चित्रपट पुण्या-मुंबईत एकही तिकीट विकलं गेलं नाही तरी आपला खर्च भरून काढू शकतो. याचा अर्थ मराठवाड्याच्या युद्धपटाला मराठवाडा पुरेसा आहे. अट एवढीच, की खर्च याच प्रेक्षकाकडे पाहून ठरवला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की दीड कोटीत युद्ध दाखवता येत नाही. रणगाडे, घोडदळ आणि हजारोंचं सैन्य दाखवायचं असेल तर येत नाही, हे मान्य. पण हा लढा त्या जातीचा नव्हताच. तो सरहद्दीवरच्या छावण्यांतून लढला गेला. करोडगिरीचे नाके जाळणं, निजामाचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडं तोडणं, रात्रीतून नदी ओलांडून येणं आणि उजाडायच्या आत परत जाणं, निरोप भाकरीच्या टोपलीतून पोचवणं, ही त्याची रीत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली, ती लढ्याला पैसा हवा होता म्हणून. एका गावात, एका दिवसात घडलेली ही घटना आहे. ‘पावनखिंड’चा जीवही एका रात्रीच्या वाटचालीत आणि एका अरुंद खिंडीतच होता. बाहेरचा दाखला हवा असेल तर कॅथरिन बिगेलो यांचा इराक युद्धावरचा ‘द हर्ट लॉकर’ घ्या. सुमारे दीड कोटी डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने अगदी थोडा खर्च. जॉर्डनमध्ये हलक्या सोळा मिलिमीटर कॅमेऱ्यांवर त्याचं चित्रण झालं आणि कथा बॉम्ब निकामी करणाऱ्या तिघा सैनिकांभोवती फिरत राहिली. अमेरिकेत त्याचा गल्ला जेमतेम एक कोटी सत्तर लाख डॉलर झाला, जगभरात तो पाच कोटींच्या जवळ गेला, आणि २०१० मध्ये ‘अवतार’सारखा महाचित्रपट समोर असताना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. युद्धाचा ताण माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि चेहरा दाखवायला पैसा कमी लागतो.

खर्चाचा आणि आशयाचा संबंध याहून खोल आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. खर्च वाढला की प्रेक्षक वाढवावा लागतो. प्रेक्षक वाढवायचा म्हणजे ज्याला या प्रदेशाचं काहीच ठाऊक नाही त्यालाही दहा मिनिटांत बाजू घ्यायला लावायची, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे एका धर्माला शत्रू करून टाकणं. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, तेलुगूत ‘रझाकार’ नावाचा चित्रपट मोठ्या खर्चाने आला. त्याच्या विषयमांडणीवरून वाद झाला, पण गाजावाजाच्या मानाने गल्ला तोकडाच राहिला. वास्तविक इतिहास इतका सरळ नाही. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे खरं. हैदराबादचं भारतात विलीनीकरण व्हावं असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये ठार मारण्यात आलं, हेही तितकंच खरं. आणि भारतीय सैन्याने हैदराबादेत केलेल्या ‘पोलीस कारवाई’नंतर मराठवाड्यात मुस्लीम वस्त्यांवर जे अत्याचार झाले, ते पाहण्यासाठी केंद्र सरकारला सुंदरलाल समिती पाठवावी लागली, हेही खरं. हे सगळं एका चित्रपटात आणायचं तर प्रेक्षकाला अस्वस्थ करण्याची मोकळीक हवी. ज्याच्या डोक्यावर पन्नास कोटींचं कर्ज आहे त्याला ती परवडत नाही. दीड कोटीच्या चित्रपटाला परवडते. शिवाय त्याचा प्रेक्षक वसमतचा, कळमनुरीचा असतो. तिथे चित्रपट संपल्यावर दोन्ही समाजांची माणसं एकाच बाजारात परततात. शेजाऱ्याच्या तोंडावर जे सांगता येईल तेच पडद्यावर सांगण्याची शिस्त अशा प्रेक्षकातून येते.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर याच निजामी राज्याच्या तेलंगणातला दाखला आहे. १९७९ चा ‘मा भूमी’ हा गौतम घोष यांचा पहिला कथापट, बी. नरसिंगराव यांनी पुढाकार घेऊन काढलेला. कृष्णचंदर यांच्या कादंबरीवर आधारलेला, तेलंगणाच्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याचा आणि पोलीस कारवाईपर्यंतच्या काळाचा हा चित्रपट. नट बहुतेक रंगभूमीवरचे आणि नवखे, चित्रण खेड्यांत, खर्च बेताचा, आणि लोकगायक गदर यांच्या आवाजातलं गाणं घरोघरी गेलेलं. तो चित्रपट चालला, पैसा कमावून गेला आणि आजही तेलंगणाची स्वतःची गोष्ट म्हणून ओळखला जातो. तेलंगणाने त्याच निजामाविरुद्धची आपली कथा थोडक्या पैशात सांगितली, तर मराठवाड्याला ती का सांगता येऊ नये? मराठी प्रेक्षक येत नाही म्हणावं तर २०१६ चा ‘सैराट’ आठवावा. सुमारे चार कोटींत झालेल्या त्या चित्रपटाचा गल्ला शंभर कोटींच्या पुढे गेला, आणि लहान गावांत जादा खेळ लावावे लागले. अर्थात ‘सैराट’ हा अपवाद आहे, त्याच्या भरवशावर कुणी खर्च ठरवू नये. माझा हिशेब शंभरातल्या दोघांवर उभा आहे.

खरी अडचण पडद्यांची आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. तालुक्याच्या गावात चित्रपटगृह नसेल किंवा बंद पडलं असेल तर दोन टक्के प्रेक्षक तिकीट काढणार कुठे? शासनाने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ देण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. पण त्याचा लाभ मल्टिप्लेक्स असेल तिथेच होतो. ग्रामीण जिल्ह्यांसाठी वेगळा विचार हवा. नगरपालिकांची सभागृहं, महाविद्यालयांची प्रेक्षागृहं, जत्रेतले तंबू यांत रीतसर तिकीट लावून खेळ करता आले पाहिजेत. त्यांचा हिशेब संगणकावर नोंदला जावा आणि अर्थसाहाय्य ठरवताना ते खेळ मोजले जावेत. मोबाइलवरच्या ओटीटी मंचांनी हा प्रश्न सोडवला असं काही जण म्हणतील. पण मोठं नाव नसलेल्या मराठी चित्रपटाला तिथे चांगली किंमत मिळायची तर आधी चित्रपटगृहातलं यश दाखवावं लागतं, म्हणजे वाट पुन्हा तिकीटखिडकीपाशीच येते. आणखी एक गोष्ट निर्मात्यांनी स्वतःच करण्यासारखी आहे. एकूण गल्ला, कर वजा जाता रक्कम आणि आपल्या वाट्याला आलेली रक्कम हे तीन आकडे वेगवेगळे जाहीर करावेत. खोटा फुगवलेला आकडा पुढच्या होतकरू दिग्दर्शकाला चुकीच्या खर्चात ढकलतो.

दर १७ सप्टेंबरला हिंगोलीत झेंडा फडकतो, हुतात्म्यांची नावं घेतली जातात, भाषणं होतात. ते सगळं व्हायला हवं. त्याच्या जोडीला शासनाने मुक्तिसंग्रामावरच्या लहान खर्चाच्या चित्रपटांसाठी वेगळी तरतूद करावी आणि त्यांना मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात किमान दोन आठवडे जागा मिळवून द्यावी. निर्मात्यांनी खर्चाचा आकडा इथल्या लोकसंख्येकडे पाहून ठरवावा. आणि वाचकांना एवढंच सांगणं आहे, की असा चित्रपट आला तर तो पहिल्याच आठवड्यात, आपल्याच तालुक्यात, तिकीट काढून पाहा. दुसरा आठवडा मिळायचा की नाही, हे त्याच तिकिटांवर ठरतं.