पॅडची जाहिरात, उसाचा फड आणि बीडच्या बाया

टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली की आपल्या घरात रिमोट शोधला जातो. एकदा ती नीट पाहायला हवी. पॅडवर निळं पाणी ओततात, पांढरी पँट घातलेली मुलगी उड्या मारते, आणि सांगणं एकच असतं: पाळी आली तरी थांबू नकोस. कंबर दुखते, अंग गळून जातं, असं त्यात कुणी म्हणत नाही. पॅडसोबत एक अटही विकली जाते की बाईने महिन्याचे तीसही दिवस सारखंच काम करावं.

बीड जिल्ह्यात हीच अट मुकादम घालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडा पडला की दंड कापला जातो. पाळी म्हणजे खाडा. मग डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, त्रास संपेल. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्याचं सरकारनेच जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. यात चाळिशीच्या आतल्या बायाही होत्या.

आपल्याकडे हैजच्या दिवसांत बाईला नमाज माफ आहे, सुटलेले रोजे नंतर ठेवता येतात. अल्लाहने दिलेली सवलत फडावर चालत नाही.

सरकारचा हिशोबही पाहा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, काजळ, बांगड्या करमुक्त होत्या आणि पॅडवर १२ टक्के कर होता. नटायचं सामान गरजेचं, पॅड चैनीचं! देशभर बायांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये तो कर गेला. त्याच वर्षी ८ मार्चला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली. तेव्हा ग्रामविकास खातं बीडच्याच पंकजा मुंडे यांच्याकडे होतं. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड मिळणार होते. योजना चांगलीच होती. पण दिवाळीच्या सुमाराला आई-बापासोबत कारखान्यावर गेलेली मुलगी शाळेत असतेच कुठे?

आणि समजा पॅड मिळालं, तरी बदलायचं कुठे? कोपीला दार नाही, शौचालय नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटेपासून मोळ्या बांधायच्या आणि तेच पॅड नाहीतर तोच कपडा संध्याकाळपर्यंत. त्यातून इन्फेक्शन होतं, अंगावरून पांढरं जातं. हे बरेचदा औषधाने बरं होण्यासारखं असतं. पण बाई दवाखान्यात गेली की कॅन्सरची भीती घालून थेट ऑपरेशन सांगितल्याच्या तक्रारी अनेकींनी केल्या आहेत.

२०१९ च्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या कुणाला असं ऑपरेशन सांगितलं असेल तर आधी ती परवानगी विचारा, आणि जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. हे विचारायला अब्बा, भाईजान सोबत गेले तरी शरमेचं काही नाही.