इंजिनिअरिंगची फाईल नववीतच उघडा

तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातून जून-जुलैमध्ये पालक आम्हाला विचारतात तो प्रश्न बहुधा एकच असतो. "मुलाला सीईटीत चांगले पर्सेंटाइल आहे, आता पुढे काय?" आम्ही उलट विचारतो, जातपडताळणी झाली का? नॉन-क्रिमीलेअर काढले का? मग थोडी शांतता, आणि उत्तर येते, "अर्ज टाकलाय, अजून आले नाही."

अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्जासोबत निबंध लागतो, शिफारसपत्रे लागतात, मूल शाळेबाहेर काय करते तेही पाहतात. आपल्याकडे राज्यातल्या इंजिनिअरिंगला यातले काहीच लागत नाही. एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल, कागदपत्रे आणि कॉलेजांचा पसंतीक्रम, एवढ्यावर जागा ठरते. पहिल्यासाठी मूल दोन वर्षे झटते. कागदपत्रे हे घराचे काम, आणि ते मात्र आपण बारावीच्या निकालावर ढकलतो.

सुरुवात नावापासून करा. मराठवाड्यात आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरात नाव "शेख अमुक शेख तमुक" असे लावतात. आधारकार्डावर तेच नाव उलटे होते, शेख शेवटी जाते. कुठे मोहम्मद पूर्ण असते, कुठे नुसते मो. किंवा एमडी. वडिलांच्या दाखल्यावर आणखी तिसरेच. नववीत, म्हणजे दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी, शाळेत जाऊन जनरल रजिस्टरची नोंद डोळ्यांनी पाहा. चूक असेल तर तेव्हाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. एकदा दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव छापले की पुढचे सगळे कागद त्याच्याशी जुळवावे लागतात. मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र, अंबड-जालन्याच्या चकरा.

आता जातीचा मुद्दा. यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते असे आमचे मत आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. हा हक्क आयता मिळालेला नाही. मुस्लिम ओबीसी चळवळ उभी करणारे शब्बीर अन्सारी आपल्या जालन्याचेच. अभिनेते दिलीपकुमार त्यांच्यासोबत सभांना फिरले. 1994 च्या डिसेंबरात शासन निर्णय निघाला, त्यामागे ही मेहनत होती. तरीही अनेक घरांत आजही "आपण शेख, म्हणजे ओपन" असे धरून चालतात. आडनाव शेख असले तरी बिरादरी बागवान किंवा पिंजारी असू शकते. दादीला विचारा, ती सांगेल.

दादीचे सांगणे समितीपुढे मात्र पुरत नाही. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. म्हणून शोध एका कागदावर थांबवू नका. आजोबांचा निर्गम उतारा पाहा, त्यांच्या भावांचा पाहा, गावचे जुने जन्ममृत्यू रजिस्टर पाहा, तहसीलमधले खासरा पत्रक पाहा. एखाद्या ठिकाणी धंदा किंवा बिरादरी लिहिलेली सापडते. निजामाच्या काळातल्या बऱ्याच नोंदी उर्दूत आहेत. तलाठ्याला त्या वाचता येतीलच असे नाही, पण आपल्या घरात त्या वाचणारे कोणीतरी अजून असते. त्यांना सोबत न्या, आणि नोंद सापडल्यावर अधिकृत भाषांतर करून घ्या. सख्ख्या चुलत्याचे, आत्याचे किंवा चुलत भावंडाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम फार सोपे होते, मात्र नाते वडिलांच्या बाजूचे हवे आणि वंशावळ जुळायला हवी.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो, वैधता जालन्याच्या जिल्हा जातपडताळणी समितीकडून. विज्ञान शाखेला अकरावीत प्रवेश घेतला की ज्युनिअर कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज लगेच द्या. समितीने त्रुटी काढली तर ती दूर करायला वर्ष हाताशी राहते. वैधता वेळेत न आल्याने ओबीसी म्हणून मिळणारी जागा हातची जाणे आणि पर्सेंटाइल कमी पडल्याने जाणे, यात मुलाच्या मनाला पहिलेच जास्त लागते.

ज्यांची बिरादरी खरोखर यादीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएस दाखला काढावा. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातला दाखला लागतो, जेईईमार्फत एनआयटीला जायचे तर केंद्राच्या नमुन्यातला. केंद्राच्या नियमात पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असलेले कुटुंब बसत नाही. आपल्या ऊसपट्ट्यात हे आधीच मोजून पाहावे. आणि एक गैरसमज अजून ऐकू येतो, मुसलमानांना पाच टक्के आरक्षण आहे म्हणून. तो जुलै 2014 चा वटहुकूम होता. त्याचा पुढे कायदा झालाच नाही. त्या भरवशावर कोणी राहू नये.

मुलींच्या पालकांनी हे नीट वाचावे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. "पैसे नाहीत म्हणून आधी मुलाला पाठवू" हे कारण आता उरलेले नाही. वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च राहतो, तो धरून हिशेब करा.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात, जातीची अट नाही, उत्पन्न आठ लाखांच्या आत. या जागांचा कोड वेगळा असतो. पसंतीक्रमात तो स्वतंत्र भरला नाही तर ती जागा मिळत नाही. शिवाय मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत, उदाहरणार्थ मुंबईच्या साबू सिद्दीक कॉलेजात, समाजासाठी 51 टक्के जागा आहेत.

पसंतीक्रम भरताना 2025 चा बदल ध्यानात घ्या. चार फेऱ्या झाल्या, पण पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. म्हणून "बघू मिळते का" म्हणून कोणतेही नाव वर टाकू नका. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचे गुरू गोबिंदसिंघजी ही आपल्या जवळची चांगली नावे. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आपल्या प्रवर्गानुसार पाहा. क्रम मात्र मुलाच्या खऱ्या आवडीने लावा. तो सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका, फॉर्म भरताना मूल शेजारी बसलेले असावे आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहिलेला असावा.

यंदा मूल नववी-दहावीत असेल तर या महिन्यात एवढे करा. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथे जाऊन निर्गम उताऱ्यासाठी अर्ज द्या, आणि त्याची पोच घ्या.