सोसणं पुरे, विचारणं हवं

‘बाळंतपण म्हटलं की कंबर दुखायचीच!’ सातव्या महिन्यात कुशीवर वळताना लेक कळवळली, तेव्हा मीही तिला हेच ऐकवलं. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर कळलं, की हे कमरेचं नव्हे, ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं. पाचांपैकी एका गरोदर स्त्रीला ते होऊ शकतं. उपाय साधे : गुडघे जुळवून कुशीवर वळायचं, बसून कपडे घालायचे, गरजेपुरता पट्टा आणि पोटाच्या व नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम. बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर ओसरतं. काहींचं मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतं.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली. पण नुसत्या विश्रांतीने स्नायूंना बळ येत नाही. आणि शेतात राबणारीला ती रजाही नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहायलाच हवं. त्याने जीव वाचतात. त्याच रांगेत प्रत्येकीला आणखी एक प्रश्न विचारावा : ‘वळताना, जिना चढताना दुखतं का?’ ‘हो’ म्हणणारीला व्यायाम शिकवणारं माणूस तिथेच भेटावं. आणि घरात आपण आयांनी ‘सोस’ म्हणण्याआधी ‘कुठे दुखतंय?’ असं विचारावं. मी उशिरा विचारलं.