दिल्लीचं मत आणि गल्लीचं मत एकाच दिवशी? पेडणे-डिचोलीने जरा थांबून विचार करावा

लोकसभेला कोण जिंकणार, ही चर्चा बांद्यात रंगते तशीच पत्रादेवी ओलांडून पेडण्यातही रंगते. पण देशाचं पुढचं राजकारण ठरवणारा प्रश्न आता वेगळाच आहे. लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकत्र घ्यायचं का? ‘एक देश, एक निवडणूक’साठीचं १२९वं घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलं गेलं. बाजूने २६९, विरोधात १९८ मतं पडली. मांडायला एवढं पुरतं, मंजुरीला मात्र दोन तृतीयांश लागतात. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं.

आपला मतदार दोन्ही मतं वेगवेगळी मोजतो, हे विसरून चालणार नाही. १९९९ चंच बघा. जूनमध्ये गोव्याने विधानसभेच्या ४० पैकी २१ जागा काँग्रेसला दिल्या. त्याच वर्षी काही महिन्यांनी लोकसभेच्या दोन्ही जागा भाजपला दिल्या. मतदार तोच, प्रश्न वेगळा.

२०२२ ला डिचोली तालुक्यातल्या साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत अवघ्या ६६६ मतांनी तरले. डिचोलीत अपक्ष डॉ. चंद्रकांत शेट्ये, तर मांद्रेत मगोचे जीत आरोलकर निवडून आले. दोन वर्षांनी लोकसभेला श्रीपाद नाईक उत्तर गोव्यातून सहाव्यांदा जिंकले, तेही लाखाहून जास्त मताधिक्याने. समोर मांद्रेचेच माजी आमदार रमाकांत खलप होते. शेट्ये आणि मगो मधल्या काळात सरकारसोबत गेले होते, त्याचाही हा परिणाम, हे मान्य. तरी ६६६ कुठे आणि लाख कुठे!

महाराष्ट्रातही २०२४ ला तेच झालं. मे-जूनमध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, नोव्हेंबरात महायुती दोनशेपार.

आता विधेयकातलं गणित समजून घेऊया. लोकसभा निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीला राष्ट्रपतींची अधिसूचना निघणार आणि त्यानंतर निवडलेल्या विधानसभांची मुदत लोकसभेबरोबरच संपणार. ती २०२९ ला निघाली असं धरू. गोव्याची २०२७ ची विधानसभा पाच वर्षं पुरी करेल. पण २०३२ ला निवडलेली जेमतेम दोन वर्षं टिकेल, कारण २०३४ ला पुन्हा मतदान. शिवाय मध्येच विधानसभा विसर्जित झाली, तर नवीन विधानसभा फक्त उरलेल्या काळापुरतीच. २००२ ला मुदतीआधीच मतदान करावं लागलेल्या गोव्याला हे परवडेल?

एकत्र निवडणुकीच्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही. आचारसंहिता लागली की कामं अडतात, शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीवर जातात, खर्च वाढतो. पण खर्च वाचवताना काय हातचं जाणार, तेही मोजायला हवं. लोकसभेच्या प्रचारात पंतप्रधान कोण हाच सवाल मोठा होतो. डिचोलीच्या खाणी, मोपा विमानतळाच्या आसपासच्या जमिनी, तिळारीचं पाणी हे विषय मग भाषणाच्या शेवटच्या दोन ओळींत उरतात.

या विषयांची झळ सीमेच्या अलीकडेही लागते. तिळारी दोन्ही राज्यांची आहे आणि दोडामार्ग-सावंतवाडीची पोरं रोज कामाला गोव्यातच जातात. म्हणून हा प्रश्न फक्त दिल्लीचा नाही. गोव्याचे लोकसभेत खासदार दोनच, ५४३ मधले दोन. तिथे आवाज छोटाच राहणार. पेडणे-डिचोलीच्या माणसाचा खरा जोर ४० जणांच्या विधानसभेत आहे. तो जपायचा असेल, तर या विधेयकावर आपल्या आमदाराचं आणि खासदाराचं म्हणणं काय, हे मत मागायला दारात आल्यावर नव्हे, आत्ताच विचारा.