ऑफबीट कुणासाठी?

दर डिसेंबरला मी दोस्तांसाठी ख्रिसमसच्या गाण्यांची एक प्लेलिस्ट करतो. कॉलेज संपल्यापासून हे सुरू आहे. नियम एकच, मॉलमध्ये वाजणारं एकही गाणं घ्यायचं नाही. 'जिंगल बेल्स' नाही, 'लास्ट ख्रिसमस' नाही, मराया कॅरी तर नाहीच नाही. त्याऐवजी द पोग्जचं १९८७ सालचं 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क', ज्यात नायक ख्रिसमसच्या आदल्या रात्री दारू पिऊन कोठडीत पडलेला असतो. द किंक्सचं १९७७चं 'फादर ख्रिसमस', ज्यात गरीब पोरं सांताक्लॉजला गाठून म्हणतात, खेळणी नकोत, पैसे काढ. जॉन लेनन आणि योको ओनोचं व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातलं १९७१चं गाणं. आणि क्वीनचं १९८४चं 'थँक गॉड इट्स ख्रिसमस'.

या शेवटच्या गाण्याबद्दल मी दरवर्षी फुशारकी मारतो. कारण ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बलसारा, पाचगणीच्या शाळेत शिकला. तिथेच पियानो शिकला, तिथेच १९५८मध्ये पोरांचा पहिला बँड काढला. मी मेढ्याचा. पाचगणी आमच्या डोंगरापलीकडे. म्हणजे जगातल्या सगळ्यात भारी आवाजाला आमच्या बाजूची हवा लागलेली आहे, असा माझा दावा.

गेल्या डिसेंबरात मी गावी बसून काम करत होतो. केळघर घाटाकडे महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. मी ओसरीवर बसून लिस्ट पूर्ण केली आणि ग्रुपवर टाकली. वाहवा झाली. मग हॉस्टेलच्या माझ्या जुन्या रूममेटचा वेगळा मेसेज आला. तो नगर जिल्ह्यातला, मराठी ख्रिस्ती घरातला.

"भारी आहे रे. पण आमचं एकही गाणं नाही."

मी विचारलं, "आमचं म्हणजे?"

उत्तरादाखल त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं एक गाणं पाठवलं. चर्चमध्ये त्याची आजी भजन म्हणतेय. मागे ढोलकी, टाळ, पन्नासेक माणसांचा कोरस. डोळे मिटून ऐकलं असतं तर मी म्हटलं असतं, आमच्या गल्लीतला सप्ताह आहे. फक्त ज्याच्या जन्माचा आनंद चाललाय तो बेथलेहेममधला.

चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. दर जानेवारीत हा घरून डबाभर करंज्या आणि चकल्या आणायचा आणि मी दर वेळी तोच विनोद करायचो, "तुमची दिवाळी उशिरा असते का रे?" तो हसायचा. तो नाताळचा फराळ होता. चार वर्षं खाल्ला, पण २५ तारखेला तुम्ही काय गाता, हे एकदाही विचारलं नाही. न्यूयॉर्कच्या कोठडीतला दारुडा काय गातो ते मात्र मला तोंडपाठ होतं.

हे फक्त माझ्या विसरभोळेपणाचं प्रकरण असतं तर लिहिलं नसतं. माझं म्हणणं असं आहे, की नाताळ मराठी असू शकतो हेच आपल्या पिढीने डोक्यातून काढून टाकलंय. आणि त्यात दोन्ही बाजूंचे लोक सामील आहेत.

पहिली बाजू डिसेंबरात फॉरवर्ड पाठवणाऱ्यांची. "हा आपला सण नाही, पोरांना सांताचे कपडे घालू नका." दुसरी बाजू माझ्यासारख्यांची. ऑफिसात सीक्रेट सँटा खेळणारे, फॉरवर्डवाल्यांना मागास म्हणून हसणारे. दोघं ग्रुपवर कडाकडा भांडतात. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे, की ख्रिसमस परदेशी आहे. एकाला तो परदेशी म्हणून नको असतो आणि दुसऱ्याला परदेशी म्हणूनच हवा असतो. या भांडणात माझ्या दोस्ताची आजी कुठेच नाही.

आता जरा तारखा बघू. येशूची कथा मराठी ओव्यांत सांगणारं फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. तेव्हा शिवरायांच्या जन्माला १४ वर्षं अवकाश होता. आमचं जावळीचं खोरं स्वराज्यात आलं ते १६५६मध्ये, म्हणजे त्याच्याही ४० वर्षांनी. लिहिणारा इंग्रज होता, हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्या काळात गोव्यात पोर्तुगिजांनी बळजबरीही केली, हे लपवायचं कारण नाही. पण सुमारे ११ हजार ओव्या मराठीत आहेत, हेही लपत नाही.

ते दूरचं वाटत असेल तर साताऱ्याचं बघा. मेढ्याहून एसटीने तासाभराचा रस्ता. रेव्हरंड नारायण वामन टिळक, 'केवढे हे क्रौर्य'वाले, शाळेतल्या पुस्तकातले फुलामुलांचे कवी. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तले टिळक. १८९५मध्ये ते ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांनी ते गेले. त्यांची गाणी मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. मी सातारा जिल्ह्यात वाढलो आणि फ्रेडीचा पियानो मला माहीत होता, टिळकांचा दरबार नव्हता.

आणि जुनंच कशाला? २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्मभर मराठीत लिहिलेला माणूस. तरी धर्मगुरू आहेत म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. तेव्हा आम्ही ऑफबीटवाले काय करत होतो? लिस्ट करत होतो.

माझा एक सहकारी म्हणाला, "भावा, गाणी चांगली असती तर अ‍ॅपने सुचवली असती." हे माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून सांगतो. अ‍ॅप चांगलं-वाईट ठरवत नाही. तुमच्यासारखी सवय असलेल्या माणसांनी आणखी काय ऐकलं, ते तुमच्यापुढे ठेवतं. जे कुणी शोधत नाही ते खाली जातं, खाली गेलं की दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून कुणी शोधत नाही. हाताने केलेल्या लिस्टचा सगळा अर्थच हा होता की या चक्रातून बाहेर पडायचं. मी मात्र तेच चक्र हाताने फिरवत होतो, आणि वर त्याला आवडनिवड म्हणत होतो.

दुसरी शंका जास्त खरी आहे. ही प्रार्थना आहे, ती पार्टीच्या लिस्टमध्ये कशी घालायची? मी दोस्तालाच विचारलं. तो म्हणाला, "तू कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं जिममध्ये ऐकतोस. कव्वाली लावून गाडी चालवतोस. 'सायलेंट नाइट' १८१८मध्ये ऑस्ट्रियातल्या एका गावच्या चर्चमध्येच पहिल्यांदा म्हटलं गेलं. ते मॉलमध्ये चालतं. मराठीवरच तुला सोवळं का आठवतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्याने मला खरं टोचणारं वाक्य ऐकवलं. मी उत्साहात म्हटलं होतं, "या वर्षी तुझ्या आजीचं गाणं टाकतो, एकदम ऑफबीट!" तो म्हणाला, "तिच्यासाठी ते ऑफबीट नाहीये. तिच्यासाठी तोच नाताळ आहे."

म्हणून यंदा लिस्टचं नाव बदललंय. नुसतं 'नाताळ'. हा शब्दही पोर्तुगीजमधून आलाय, पण मेढ्याच्या बाजारात कुणालाही विचारा, त्याला तो मराठीच वाटतो. आजीला फोन करून परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "टाक बाळा, पण अर्ध्यात तोडू नको." तोडलं नाही. पहिलं गाणं त्यांचं, मग फ्रेडी, मग कोठडीतला दारुडा. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच एक मूल रडतं आणि कुणीतरी खोकतं. दोघा-तिघांनी पुढे ढकललं असणार, ढकलू देत. एकाने मात्र गाण्याचे शब्द मागितलेत, ते आजींकडून उतरवून घ्यायचं काम दोस्ताकडे आहे.

तुम्हीही लिस्ट करत असाल तर या वर्षी एक काम करा. ओळखीतल्या एका ख्रिस्ती माणसाला विचारा, २५ तारखेला सकाळी तुमच्याकडे काय गातात. अ‍ॅपला नंतर विचारा.