कार्ड कोणते, हा दुसरा प्रश्न

संगणकाच्या दुकानात जाऊन ‘ग्राफिक्स कार्ड कोणते घेऊ?’ असे विचारणाऱ्याला बहुधा प्रतिप्रश्न येतो तो बजेटचा. आकडा सांगितला की त्यात बसणारे खोके काउंटरवर येते आणि व्यवहार पुरा होतो. तुमचे काम काय, हे विकणाराही विचारत नाही आणि घेणारा स्वतःलाही विचारत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, चित्र फारसे वेगळे नाही.

घरातल्याच एका खोलीत कार्यालय थाटणाऱ्यांचा वर्ग आता चांगलाच वाढला आहे. करसल्लागार, डीटीपीची कामे घेणारे, अनुवादक, नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे. शिंप्याला जसे शिवणयंत्र तसा यांना संगणक. त्यावर खर्च होणारे दहा-पंधरा हजार रुपये कुठल्या कंपनीच्या खात्यातून येत नाहीत, घरखर्चातून निघतात. तेव्हा ते योग्य जागी पडतात की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

मुळात पडद्यावर चित्र उमटवायला वेगळे कार्ड लागतेच असे नाही. गेली अनेक वर्षे बहुतेक घरगुती प्रोसेसरमध्ये ही सोय आतच असते. अपवाद आहेत, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते त्यात ती नसते. पण टॅली, एक्सेल, पत्रव्यवहार, मजकुराची जुळणी किंवा साधे द्विमितीय नकाशे एवढेच काम असेल, तर आतली सोय सहसा पुरते. तरीही ‘मशीन स्लो झाले’ म्हणून कार्ड बसवणारे कमी नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. अशा मशीनचे दुखणे बहुतेक वेळा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये नाही तर चार जीबीच्या रॅममध्ये असते. डिस्कच्या जागी एसएसडी घातली की तेच मशीन पुन्हा उभारी धरते.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून ठेवावा आणि पंधरा मिनिटे आपले रोजचे काम करावे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी कोण सतत शंभर टक्क्यांपाशी अडकते, ते तिथे दिसते. ही तपासणी फुकट आहे आणि दुकानात जाण्यापूर्वी करायची आहे. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, त्यामुळे रॅम वाढवणेही पूर्वीइतके स्वस्त राहिले नाही, हे खरे. पण म्हणून चुकीच्या जागी खर्च करणे शहाणपणाचे ठरत नाही.

ज्यांना कार्ड खरोखर लागते, असेही लोक आहेत. व्हिडिओ एडिटिंग करणारा, इमारतीचे त्रिमितीय चित्र बनवणारा, आपल्याच मशीनवर कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल चालवू पाहणारा. यांनी कार्ड जरूर घ्यावे. मात्र आधी कॅबिनेट उघडून पाहावे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक हवे असतील तर एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर छापलेला आकडा नेहमीच भरवशाचा नसतो. कार्यालयांतून निघालेली रिफर्बिश्ड छोटी मशीन हल्ली अनेक घरांत आहेत. त्यात उंच कार्ड मावत नाही आणि एसएमपीएसही कंपनीचा खास असतो. शिवाय यूपीएस आहेच. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरता मिळणारा वेळ जड कार्डाने आणखी आखडतो.

आता बाजाराच्या वागणुकीविषयी. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने, पण डीडीआर४ मेमरी लावलेले दुसरे कार्ड विक्रीला आले. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, दुसऱ्याची जेमतेम १७ जीबी. नाव मात्र एकच. आरटीएक्स ३०५० या नावाचीही हीच गत. २०२२चे आठ जीबीचे कार्ड १३० वॅटचे, तर २०२४चे सहा जीबीचे ७० वॅटचे, आणि ताकदीनेही उणे. गंमत अशी, की आपल्या साध्या एसएमपीएसला हे दुसरेच सोयीचे. पण हे ग्राहकाने स्वतः शोधायचे! एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२चे कार्डही ५३ वॅटचे, म्हणून गरिबाला परवडणारे वाटते. मात्र त्यात व्हिडिओ एन्कोड करण्याची सोयच नाही, आणि जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग पडतो. एडिटिंगसाठी ते घेणाऱ्याला हे खरेदीआधी कुणी सांगायचे?

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. कारखानदाराने एका नावाखाली दोन वस्तू विकू नयेत, ही मागणी म्हणूनच अवाजवी नाही. ती मान्य होईपर्यंत निदान आपण पक्के बिल घ्यावे, त्यावर मेमरीच्या प्रकारासह पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून मागावा. बिलाशिवाय चार पैसे वाचवणाऱ्याला पुढे तक्रारीला पाय राहत नाहीत.

आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. जे मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाही, त्याला केवळ नवे कार्ड लावून ते बसणार नाही. तेव्हा अशा मशीनवर मोठी रक्कम घालण्यापूर्वी ते अजून किती वर्षे चालवायचे, हे घरात बसून ठरवावे.

घरात कॉलेजात जाणारा मुलगा असला की ‘बाबांच्या ऑफिसच्या कामासाठी’ म्हणून येणारे कार्ड पुष्कळदा रात्रीच्या गेमसाठी असते, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्यात गैर काही नाही. हौसेला मोल नसते. मात्र तो खर्च हौसेच्या खात्यात लिहावा, धंद्याच्या नव्हे. गरज कोणती आणि हौस कोणती, हे एकदा वहीत दोन रकान्यांत मांडले की कार्ड कोणते घ्यायचे, याचे उत्तर फारसे अवघड राहत नाही. अनेकांच्या बाबतीत ते ‘कोणतेच नाही’ असे निघेल, आणि वाचलेल्या पैशात एसएसडी येऊन वर एक चांगली खुर्चीही येईल. दिवसाचे दहा तास बसून काम करणाऱ्याला तिची गरज अधिक आहे.