वाचनाचा हक्क यंत्रालाही हवा

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली एक विलक्षण ग्रंथालय आकार घेत होते. त्यात ७ कोटी ३० लाख शोधनिबंधांचा मजकूर साठवला जाणार होता. सर्वांत जुना निबंध १८४७ सालचा. मात्र तेथे जाऊन कोणालाही त्यातला एकही निबंध वाचता येणार नव्हता, उतरवूनही घेता येणार नव्हता. वाचणार होते ते केवळ संगणक. अमेरिकेतील कार्ल मालामूद आणि त्यांचे भारतीय सहकारी यांची ही योजना. प्रकाशकांची परवानगी त्यांनी घेतली नव्हती, त्यामुळे वाद होणे अटळ होते.

माणसांना वर्ज्य असलेल्या ग्रंथालयाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर १९८६ मध्येच मिळाले होते. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वानसन यांनी दोन स्वतंत्र विषयांवरचे निबंध शेजारी ठेवले. थंडीत बोटे पांढरी-निळी पडणाऱ्या रेनो विकारात रक्त अधिक दाट असते, असे एका गटातील निबंध सांगत. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे दुसऱ्या गटातील. दोन्ही गटांना एकमेकांची दखल नव्हती. हे तेल त्या रुग्णांना उपयोगी पडावे, असा तर्क स्वानसन यांनी मांडला आणि पुढे एका वैद्यकीय चाचणीने त्याला दुजोरा दिला. नवा प्रयोग न करता, छापून पडलेल्या मजकुरातूनच नवे ज्ञान हाती आले होते.

पदार्थविज्ञानातील उदाहरण अधिक अलीकडचे आहे. २०१९ मध्येच बर्कले येथील संशोधकांनी सुमारे ३३ लाख शोधनिबंधांचे सारांश संगणकाला वाचायला दिले. रसायनशास्त्राचा एकही नियम त्याला शिकवलेला नव्हता. कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो, एवढेच त्याने टिपले. तेवढ्यावरून उष्णतेचे विजेत रूपांतर करू शकतील अशा पदार्थांची नावे त्याने पुढे केली. ठरावीक वर्षापर्यंतचेच सारांश दिले, तेव्हा त्याने सुचवलेल्या पदार्थांपैकी काहींचा शोध पुढील वर्षांत प्रत्यक्ष लागल्याचे दिसले. अर्थात यंत्राची सूचना म्हणजे शोध नव्हे. शब्दांची संगत फसवीही असते आणि नमुना तयार करून मोजमाप केल्याखेरीज भौतिकशास्त्रात काहीच सिद्ध होत नाही.

परंतु हा सारा खेळ सारांशांचा होता. नमुना कोणत्या तापमानाला भाजला, मोजमापात चूक किती, कोणता प्रयत्न फसला, हा तपशील निबंधाच्या पोटात आणि तक्त्यांत असतो. सारांशात तो क्वचितच येतो. खरी खाण तेथे आहे, आणि कुलूपही तेथेच आहे.

भारताने या कुलपाची एक किल्ली मिळवली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाला दिल्लीच्या आयआयटीइतकीच वर्गणी लाभणे ही मोठी गोष्ट आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र वर्गणी ही कल्पनाच एका वेळी एक निबंध उघडणाऱ्या माणसासाठी घडलेली आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने रातोरात वीस हजार निबंध मागितले, तर प्रकाशकाच्या सर्व्हरला ती चोरीच वाटते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रामेश्वरी फोटोकॉपी प्रकरणात अध्यापनासाठीच्या छायाप्रतींच्या बाजूने कौल दिला, त्यावरून मालामूद यांना आशा वाटली होती. पण छायाप्रत वेगळी आणि कोट्यवधी निबंधांचे विश्लेषण वेगळे. इतका भार त्या निकालावर टाकणे धाडसाचे आहे. पुढे २०२१ मध्ये मालामूद यांनीच १० कोटी ७० लाख निबंधांतील शब्द आणि पाच शब्दांपर्यंतचे तुकडे यांची सूची खुली केली. ती उपयुक्त असली, तरी तुकड्यांवरून तक्ता पुन्हा जुळवता येत नाही.

सध्याच्या योजनेची मुदत २०२७ अखेर संपते. पुढील वाटाघाटींत किमतीइतकाच आग्रह एका कलमाचा धरला जावा: वर्गणीदार संस्थेतील संशोधकाला संपूर्ण मजकुराचे संगणकीय विश्लेषण करण्याची आणि त्यातून निघालेली आकडेवारी प्रसिद्ध करण्याची मुभा. इतक्या मोठ्या ग्राहकाला अशी अट घालणे अवघड नाही.